ओळखलं तर आत यावं लागतं

टिंकर बेट, न्यूफाउंडलंड
३ मे २०२०

सेल्बी,

तुझा लेख वाचला. तू स्वतः पाठवला नाहीस, म्हणजे थोडी लाज शिल्लक आहे म्हणायची. गार्लंड ओकच्या मुलीने टोरांटोहून कात्रण पाठवलं. वर लिहिलं होतं, "व्हिनामावशी, तुमचा भाऊ पेपरात झळकलाय." झळकलाय खरा. फोटोत टाय लावलायस. सगळं जग घरात कोंडून बसलेलं असताना टाय कुणासाठी लावतोस ते कळवावं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू वर्ग घेतोस आणि मी मध्ये तोंड उघडलं की "मला पूर्ण करू दे" म्हणतोस. पत्रात मला पूर्ण करता येतं.

तुझं म्हणणं असं, की कडक टाळेबंदीने किती जीव वाचले हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पण किती दुकानं बुडाली, किती पोरांचं शिक्षण बुडालं आणि किती म्हातारी माणसं एकटी पडली हे सांगता येतं. वा. म्हणजे जे झालं तेवढंच खरं आणि जे टळलं ते नव्हतंच. आपले बाबा जन्मभर कमरेला दोर बांधून होडीत बसले आणि शेवटी स्वतःच्या पलंगावर मेले. त्यावरून दोर फुकट गेला असा हिशेब काढणारा विद्वान आमच्याच घरात जन्माला यायचा होता.

दोरावरून आठवलं. फेरीबोटीच्या धक्क्यावर मी दोर बांधलाय. हो, मीच. बंदर समितीची अध्यक्ष मी आहे, कारण बाकीच्यांना शेजाऱ्यांशी वाईटपणा नको होता आणि माझा सगळ्यांशी आधीच आहे. बोट येते, पीठ, औषधं आणि टपाल उतरवते, निघून जाते. माणसाला उतरायचं असेल तर त्याने आधी पलीकडच्या काठावर चौदा दिवस बसायचं, मग इकडे पाय ठेवायचा. सरकारचा नियम याहून ढिला आहे. सरकारला आई नाही.

आपल्याला आहे. एक फुफ्फुस तिने बारा वर्षांची असताना सेंट जॉन्सच्या क्षयाच्या इस्पितळात गमावलं. तिथे दोन वर्षं घरच्यांना काचेतून पाहिलं. उरलेल्या फुफ्फुसावर तिने तुला-मला वाढवलं आणि नव्वदीला टेकली. त्या फुफ्फुसात हा रोग शिरला तर काय होईल हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

तेव्हा जूनमध्ये तिच्या वाढदिवसाला येतो म्हणतोस, ते येऊ नकोस. चार वर्षांत फिरकला नाहीस आणि आता रोगाबरोबर तुला आईचा पुळका आला. चार वर्षांपूर्वी तू याच पेपरात लिहिलं होतंस, की इतक्या थोड्या माणसांसाठी सरकारने फेरी चालवणं परवडत नाही, बेटावरच्या लोकांनी भरपाई घ्यावी आणि मोठ्या गावात जाऊन राहावं. आता त्याच फेरीने यायचंय. इथे तुझं नाव निघालं की लोक अजून खिडकीबाहेर पाहायला लागतात.

आई ठीक आहे. तुझा फोटो तिने भिंतीवर लावलाय. मी काढला होता, तिने परत लावला.

व्हिना


१९ ऑगस्ट २०२०

सेल्बी,

ट्रायफिनाबाई गेल्या. रोगाने नाही, हृदयाने. तुला हे कुणीतरी कळवेलच आणि तू ते लेखात घालशील, म्हणून आधीच माझ्याकडून ऐक.

नियमाप्रमाणे दफनाला मोजकी माणसं होती. आई त्यांत नव्हती. दोघींची सत्तर वर्षांची मैत्री, रोज दुपारी एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता घुसायच्या, ते मार्चपासून बंद होतं. पेटी आपल्या खिडकीवरून नेली, तेव्हा आई उठून उभी राहिली आणि बराच वेळ उभीच होती. मी म्हटलं, बस, पाय दुखतील. ट्रायफिनाबाईंची मुलगी हॅलिफॅक्सहून निघाली होती. तिलाही मी पलीकडच्या काठावर बसवलं. ती बसली बिचारी. तिचे दिवस भरेपर्यंत कबरीवर गवत टाकून झालं होतं. धक्क्यावर उतरली तेव्हा ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अपेक्षा नव्हतीच.

तुझं पत्र मिळालं. "एकटेपणानेही माणूस मरतो, व्हिना." वाक्य झकास आहे. छापून आण, टाळ्या पडतील. ग्वेल्फमध्ये बसून एकटेपणावर लिहिणाऱ्याने एकदा इथे येऊन आईला आंघोळ घालावी, तिची छाती चोळावी आणि रात्री तिचा श्वास चालू आहे ना म्हणून दाराशी कान लावून उभं राहावं. मग एकटं कोण आहे ते बोलू.

उन्हाळ्यातले पाहुणेही येऊन गेले. म्हणजे येऊ पाहून गेले. तो दातांचा डॉक्टर, ज्याने मेथडिस्ट चर्च विकत घेऊन त्यात बार काढलाय, आपली पांढरी नाव घेऊन खाडीत आला आणि दुरून एक कागद फडकवायला लागला. आम्ही तपासणी करून आलोय म्हणे. बायको हात हलवत होती. मीही हलवला, परत जा म्हणून. ती समजली मी स्वागत करतेय, आणि आणखी जोरात हलवायला लागली. शिकलेल्या माणसांना हातवारेसुद्धा समजावून सांगावे लागतात.

तू विचारलंस, बेटावर किती जणांना झाला. कुणालाही नाही. एकालाही नाही. आता म्हण, की तो तसाही आला नसता.

आईचं विचारलंस. बरी आहे. जरा कमी जेवते. चहा टेबलावर घेत नाही, खिडकीशी खुर्ची नेऊन ट्रायफिनाबाईंच्या बंद दाराकडे बघत घेते. परवा मला म्हणाली, "व्हिने, त्या इस्पितळात मला निदान माहीत होतं की एक दिवस बाहेर काढतील." मी म्हटलं, तुलाही काढतील. ती म्हणाली, "हो, पेटीतून." आणि हसली. तिचा विनोद तुला ठाऊक आहे.

हे लेखात घालायचं नाही.

व्हिना


३० नोव्हेंबर २०२०

सेल्बी,

सरकारने तुला परवानगी दिली म्हणून नाचू नकोस. सरकार कुणालाही परवानगी देतं. आईच्या वयाचं कारण दाखवून नाताळला येतो म्हणतोस, विमानतळावरून थेट फेरी पकडतो आणि घरातच वरच्या खोलीत चौदा दिवस बसतो म्हणतोस. वरच्या खोलीत. आपल्या घरात. जिथे एकाने जिन्यात शिंक दिली की दुसऱ्याच्या चहात पडते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला घराचा नकाशा आठवू नये याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

पलीकडच्या काठावर बस म्हटलं तर म्हणतोस, तिथे मोटेल बंद आहे. मग येऊ नकोस. इतकं सोपं आहे.

आणि आता तोंड पसरून "आईला शेवटचं पाहायचंय" असं लिहू नकोस. शेवटचं कुणी सांगितलं तुला? मी तिला जिवंत ठेवलंय. लस येतेय म्हणतात. वसंतात तिला टोचू, मग ये, हवा तेवढा बस, हवी तेवढी भाषणं दे.

दुसरी बातमी. समितीने यंदा नाताळातली सोंगं बंद केली. मीच ठराव मांडला. गार्लंडने विरोध केला. बायको गेल्यापासून तो प्रत्येक गोष्टीला विरोध करतो, तेवढाच विरंगुळा. म्हणाला, "व्हिने, वर्षभर सगळं जग तोंड झाकून फिरतंय, आणि जे चारशे वर्षं तोंड झाकत आले त्यांनाच तू बंदी घालतेस?" सगळे हसले. मी नाही हसले. अर्ध्या गावाने पडदे गुंडाळून घराघरांत शिरायचं, स्वयंपाकघरात नाचायचं, एकाच बाटलीतली रम प्यायची आणि मग जानेवारीत एकमेकांच्या पेट्या वाहायच्या, हे मला नको होतं. ठराव मंजूर झाला. नंतर कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मतदान मात्र केलं सगळ्यांनी माझ्या बाजूने. आमची माणसं अशी आहेत, वाईटपणाही माझ्याकडून करून घेतात.

आईला सांगितलं तर तिने ताट बाजूला सारलं. "नाताळच्या बारा दिवसांत या दारावर टकटक होणार नाही?" म्हणाली. "मी बाकी सगळं सोडलं, व्हिने. चर्च सोडलं. ट्रायफिना सोडली. सेल्बी सोडला. हे तरी ठेवायचंस." मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुप्पट सोंगं येतील. ती म्हणाली, "नव्वद वर्षांच्या बाईला पुढचं वर्ष दाखवतेस."

ताट तसंच राहिलं.

तू येऊ नकोस.

व्हिना


२८ डिसेंबर २०२०

सेल्बी,

नाताळ झाला. फोन केला नाहीस. घंटा वाजेल म्हणून आई दिवसभर खुर्चीत बसून होती. रागावलास ते कळलं, पण राग माझ्यावर काढायचा होता.

तुला एक गंमत सांगते. गंमत म्हणजे, गावात शिस्त कशी पाळली जाते त्याचा नमुना. परवा, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला आमच्याकडे सोंग आलं. बंदी असताना. समितीच्या अध्यक्षाच्याच घरी. यापुढे निर्लज्जपणा काय असतो?

दाराशी नाही आलं. तेवढी अक्कल होती. कुंपणापलीकडे उभं राहिलं, बर्फात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तोंडावर जाळीचा पडदा, डोक्यावर मासेमारीची जुनी टोपी, अंगात बाईचा फुलांचा झगा, पाठीवर उशी खुपसून केलेलं कुबड, बूट उलट-सुलट पायांत. तो झगा मी ओळखला. गार्लंडच्या मर्टलचा, बिचारीने तो चर्चला घालून जायचा ठेवला होता.

आई खुर्चीतून उठली. खिडकीला नाक लावलं. सोंग काही नाचलं नाही, गायलं नाही, नुसतं उभं होतं. डाव्या पायावर भार आणि उजव्या बुटाने पोटरी घासत. आईने बराच वेळ पाहिलं. मग तिने काचेवर टकटक केली. आतून. घरातून सोंगाला टकटक केलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मोठ्याने म्हणाली, "सेल्बी आहे तो."

मी उठले आणि मागच्या दाराकडे गेले, त्याला हाकलायला.

ओन्टारिओत राहून तू नियम विसरला असशील, म्हणून सांगते. सोंगाला ओळखलं, की त्याने पडदा वर करायचा आणि आत यायचं. मग त्याला केक द्यायचा आणि रम द्यायची. ओळखलं नाही, तर ते तसंच नाचत पुढच्या घरी जातं. कोणी कितीही प्यायलेला असो, कितीही खोडसाळ असो, नाव बरोबर घेतल्यावर नाही म्हणणारं सोंग या बेटावर झालेलं नाही. हेडली स्नूकने एकदा स्वतःच्या सावकाराच्या घरात पडदा वर केला होता, कारण त्याला ओळखलं होतं.

तर आईने नाव घेतलं, आणि सोंगाने मान हलवली. नाही.

आईने पुन्हा म्हटलं, "सेल्बी." त्याने पुन्हा मान हलवली, यावेळी हळू.

संपलं. म्हणजे तू नव्हतास. मी स्वयंपाकघरात परत आले आणि आईला म्हटलं, पाहिलंस, नाही म्हणालं ते. तुझा मुलगा ग्वेल्फमध्ये शेकोटीशी बसून आपल्यावर लेख लिहितोय. तुझे डोळे गेलेच होते, आता डोकंही चाललं. जरा जास्त बोलले. पण वर्षभर हेच ऐकतेय, वाऱ्याने फाटक वाजलं की सेल्बी, फेरीचा भोंगा झाला की सेल्बी.

आई वाद घालत बसली नाही. काळा केक काढला, भला मोठा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि मला म्हणाली, फाटकाच्या खांबावर नेऊन ठेव. मी म्हटलं, न ओळखलेल्या सोंगाला केक कशाला? ती म्हणाली, "थंडीत उभं आहे ते." मी ठेवून आले. ते बरंच मागे सरकलं मी येताना, झाडांपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी केक नव्हता. कावळ्यांनी नेला असेल.

मी गार्लंडला फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं. मेलेल्या बायकोचा झगा घालून म्हाताऱ्या बाईला फसवायला लाज वाटत नाही का, म्हटलं. तो म्हणाला, "हो व्हिने, मीच होतो. चुकलो." इतक्या लवकर गार्लंड कधी चुकत नाही. वय झालं त्याचंही.

सांगायची गोष्ट अशी, की त्या रात्री आई जेवली. दोन वाट्या सूप, ब्रेड, वर लाल बेरीचा मुरंबा. मग झोपली ती सकाळपर्यंत. मला वाटतं सोंग पाहून बरं वाटलं तिला. तुझ्या लेखांपेक्षा आणि माझ्या ठरावांपेक्षा गार्लंडच्या कुबडाचा उपयोग जास्त झाला.

फोन कर तिला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

व्हिना


१३ जानेवारी २०२१
सेल्बी बजल, अतिदक्षता विभाग

सेल्बी,

हे पत्र तुला नर्स वाचून दाखवणार आहे. बाई, तुमचं नाव मला माहीत नाही, पण त्याने मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर करू देऊ नका. नळी काढली तरी घसा दुखत असेल, आणि एकदा सुरू झाला की तो थांबत नाही.

गार्लंड आला होता. दाराबाहेर पार लाकडांच्या ढिगापाशी उभा राहून त्याने सगळं ओरडून सांगितलं, त्यामुळे आता ते अख्ख्या बेटाला माहीत आहे.

म्हणजे तू नाताळच्या आधीच आला होतास. फेरीने नाही. माझ्या धक्क्यावरचा दोर चुकवायला गार्लंडने दुसरा दोर आणला. तुला मोकळ्या होडीत बसवलं, आपल्या मोटारबोटीमागे लांब दोर बांधला आणि ओढत बेटाच्या मागच्या बाजूला नेलं, म्हणजे तुझा श्वास त्याला लागू नये. दोन म्हातारे, एक बर्फाळ खाडी, मध्ये दोर. त्याच्या शिकारीच्या झोपडीत राहिलास, जिथे ना वीज ना फोन. तो सामान खडकावर ठेवून मागे व्हायचा, तू येऊन उचलायचास. झोपडीत पाऊलही टाकू दिलं नाहीस म्हणे त्याला. एकदा तो बूट झटकत जवळ आला, तर तू त्याच्यावर लाकूड उगारलंस.

तू. ज्याने लिहिलं की माणसांना कोंडून काही साधत नाही.

मला हसू आलं ते ऐकून. मग आलं नाही.

तुझा बेत असा होता, की चौदा दिवस संपले की मर्टलचा झगा घालून सरळ आपल्या दाराशी यायचं, टकटक करायची आणि आईने ओळखलं की पडदा वर करायचा. मग मी काय करणार होते? ओळखलेल्या सोंगाला मी घराबाहेर काढू शकले नसते. बेटावरच्या सगळ्या नियमांतला एकच नियम तू माझ्याविरुद्ध शोधून काढलास. प्राध्यापक झालास ते अगदीच फुकट नाही गेलं.

पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गार्लंडने खडकावर सुकवलेली केपलिन मासळी ठेवली, आणि तू झोपडीच्या दारातून ओरडलास की तुला तिचा वास येत नाही. केपलिनचा वास. जो या बेटावर मेलेल्या माणसालासुद्धा येतो. तेव्हा तुला कळलं. गार्लंड म्हणाला, आत्ताच बोट बोलावतो. तू म्हणालास, "मला नेलं तर परत आणतील की नाही कुणास ठाऊक. आज एकदा तिला पाहू दे. लांबून. मग बोलव." आणि त्याने तुला सांगितलं, की त्या अवतारात तुला कोण ओळखणार.

आपल्या आईने ओळखलं. आणि तू मान हलवलीस.

आता ऐक. २८ तारखेचं माझं एक पत्र तुझ्या ग्वेल्फच्या दारात फरशीवर पडलेलं असेल. ते न वाचता जाळ. वाचशीलच म्हणा, तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्यात लिहिलंय, की मी मागच्या दाराकडे गेले ती तुला हाकलायला. हाकलायचं असेल तर माणूस काचेतून हात करतो. मी कडी काढली होती. मुखपट्टी खुंटीवरच होती. आईने तुझं नाव घेतलं, आणि बुटाने पोटरी घासण्याची ती पद्धत मलाही दिसली होती. बाबांचा ओरडा खायच्या आधी तू असाच उभा राहायचास. वर्षभर हॅलिफॅक्सच्या मुलींना आणि दातांच्या डॉक्टरांना परत पाठवणारी मी, दार उघडायला निघाले होते. अर्धं उघडलंही होतं. तेवढ्यात तू नाही म्हणालास, आणि मी विश्वास ठेवला, कारण ओळखलेलं सोंग खोटं बोलत नाही.

चारशे वर्षांत कुणी केलं नाही ते तू केलंस. आणि तू पडदा वर केला असतास, तर मी तुला आत घेतलं असतं. आईच्या खुर्चीशी बसवलं असतं. तुझ्या हातात तिचा हात दिला असता.

कडक टाळेबंदीचा काय उपयोग होतो यावर तू किती लेख लिहिलेस मी मोजले नाहीत. माझ्या दोराने तू अडला नाहीस. तुझ्या लेखांनी एक माणूस वाचला नाही. सरकारच्या परवानगीचा कागद तर खिशात घेऊन आलास आणि खिशातून रोगही आणलास. जे काही उपयोगी पडलं ते एवढंच, तू दोनदा मान हलवलीस. हे तुझ्या कुठल्या आकड्यात बसतं ते बघ. माझ्याही ठरावात बसत नाही.

त्यानंतर वादळ लागलं, बोट येईना, आणि हेलिकॉप्टरलाही चौथ्या दिवसापर्यंत उशीर झाला. गार्लंडला तुझ्या धुराड्यातून धूर दिसेना, तेव्हा तो खडकावर बसून राहिला, हाका मारत. पांढऱ्या कपड्यांतली माणसं तुला घेऊन गेली तेव्हा आमच्या डोक्यावरून ते यंत्र गेलं. आई म्हणाली, कुणीतरी आजारी दिसतं. मी म्हटलं, असेल कुणी.

बेटावर सगळ्यांची तपासणी झाली. कुणालाही नाही. गार्लंडलाही नाही. समितीपुढे मी राजीनामा ठेवला, तर त्यांनी तो परत दिला, कारण वाईटपणा घ्यायला अजूनही कुणी नाही. तुझं नाव निघालं की खिडकीबाहेर पाहणारे लोक आता मला रोज विचारतात, सेल्बी कसा आहे. मी म्हणते, उर्मट आहे, जगेल.

आईला मी काल सांगितलं. सगळं. नीट बसवून, गोळी देऊन मग सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? मी तुला वेडी ठरवलं तेव्हा तरी बोलायचं.

ती म्हणाली, "माझे बाबा मला इस्पितळात बघायला आले होते, बोटीने, तीन दिवसांचा प्रवास करून. काचेबाहेर उभे होते. मी आतून रडत होते, मला न्या, मला न्या. त्यांनी कानाला हात लावून दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. काच पातळ होती, व्हिने. मला त्यांचा खोकला ऐकू येत होता." मग तिने खुर्ची खिडकीकडे वळवली. "इतक्या लांबून येऊन पोराने एकच खोटं सांगितलं. ते मी कशाला मोडू?"

तिला काही झालेलं नाही, सेल्बी. नर्सबाई, हे वाक्य दोनदा वाचा. तिला खोकला नाही, ताप नाही. ती जेवते.

नाताळचं झाड सहा तारखेला उतरवायचं असतं. ती हात लावू देत नाही. म्हणते, एक सोंग यायचं राहिलंय. रोज सकाळी मी जमिनीवरची सुकलेली पानं झाडते आणि तुला शिव्या देते.

धक्क्यावरचा दोर मी सोडणार नाही. डॉक्टर सोडतील तेव्हा ये, पलीकडे तुझे चौदा दिवस बस, मोटेल उघडायला मी लावेन, हवं तर तिथे बसून माझ्याविरुद्ध लेख लिही. पण तू आता ओळखलेलं सोंग आहेस. तुझं नाही म्हणणं या घरात कुणी धरलेलं नाही. तुला आत यायचंय, पडदा वर करायचाय आणि केक खायचाय.

आणि मागच्या दाराने ये. टकटक करू नकोस, टकटक परकी माणसं करतात.

कडी काढलेली आहे.

व्हिना